दोन वर्षे शाळा, जन्मभर शिक्षण

(बेंजामिन फ्रँकलिन यांची गोष्ट)

1. साबणवाल्याचा मुलगा

अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर एका म्हाताऱ्या माणसाचे चित्र असते. डोक्याला पुढून टक्कल, मागचे केस मानेवर रुळलेले, चेहरा शांत. बघणाऱ्याला वाटेल, हा कुणी राजा असेल, नाहीतर देशाचा अध्यक्ष तरी असेल. पण तसे नाही बरं का! हा माणूस मूळचा छापखान्यातला कामगार. खिळे जुळवून पोट भरणारा. त्याने शाळा पाहिली ती जेमतेम दोन वर्षे. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

बेंजामिनचा जन्म 17 जानेवारी 1706 रोजी अमेरिकेतील बोस्टन या गावी झाला. त्या वेळी अमेरिका हा स्वतंत्र देश नव्हता. तेथे इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. बेंजामिनचे वडील जोसाया हे साबण आणि मेणबत्त्या करून विकत. घरात सतरा मुले. बेन हा त्यांतला पंधरावा, आणि मुलग्यांमध्ये सर्वांत धाकटा.

पोरगा हुशार आहे, त्याला शिकवून पाद्री करावे, असे वडिलांच्या मनात होते. म्हणून आठव्या वर्षी त्याला शाळेत घातले. पण एवढ्या मोठ्या कुटुंबाचा खर्च कसा भागायचा? वडिलांनी त्याला त्या शाळेतून काढले. मग लेखन आणि हिशेब शिकवणाऱ्या दुसऱ्या एका गुरुजींकडे पाठवले. तेथे बेनचे अक्षर छान वळणदार झाले, पण गणितात तो नापास झाला. दहा वर्षांचा झाल्यावर शाळा सुटली ती कायमची. आता त्याचे काम म्हणजे मेणबत्तीच्या वाती कापणे, साचे भरणे, दुकान सांभाळणे आणि निरोप पोचवणे.

चरबीचा तो वास बेनला नको नको होई. त्याला ओढ होती समुद्राची, आणि त्याहून जास्त पुस्तकांची. हातात दोन पैसे आले की तो पुस्तक घेई. ते पाहून वडिलांनी त्याला छापखान्यात घालायचे ठरवले. थोरला भाऊ जेम्स याचा बोस्टनमध्ये छापखाना होता. बाराव्या वर्षी बेन त्याच्याकडे उमेदवार म्हणून राहिला. करार असा की, एकविसावे वर्ष लागेपर्यंत त्याने तेथेच काम करायचे.

2. रात्रीची शाळा

छापखान्यात काम करता करता पुस्तकांच्या दुकानातल्या पोरांशी बेनची ओळख झाली. ती पोरे त्याला गुपचूप पुस्तक देत. अट एकच. रात्री न्यायचे आणि सकाळी दुकान उघडायच्या आत परत आणून द्यायचे. पुस्तक खराब होता कामा नये. मग काय, बेन रात्ररात्र दिव्यापाशी बसून वाची. उसने पुस्तक, उसना वेळ. पण त्याने एकही पुस्तक बुडवले नाही, म्हणून त्याला पुढचे मिळत गेले.

पुढे त्याने आणखी एक युक्ती केली. साधारण सोळाव्या वर्षी त्याने मांस खाणे सोडले. भाऊ त्याच्या जेवणासाठी जो खर्च करी, त्याच्या निम्मे पैसे रोख दे, माझे जेवण मी बघतो, असे त्याने भावाला सांगितले. भावाने लगेच कबूल केले. बेन पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पाणी यांवर दुपार भागवी. मिळालेल्या पैशांतलेही निम्मे उरत. त्या पैशांची पुस्तके येत. दुसरे फायदा म्हणजे वेळ वाचे. बाकीचे जेवायला जात, तेव्हा छापखान्यात तो एकटा आणि पुस्तक!

ज्या गणितात तो शाळेत नापास झाला होता, ते गणितही त्याने याच काळात पुस्तक समोर ठेवून स्वतः शिकून घेतले.

त्याने लिहायला कसे शिकले, तेही ऐकण्यासारखे आहे. त्याला एका इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड मिळाला. त्यातले लेख त्याला फार आवडले. तो एक लेख वाची. प्रत्येक वाक्यातला मुद्दा दोन शब्दांत टिपून ठेवी. मग पुस्तक मिटून चार दिवस बाजूला ठेवी. नंतर नुसत्या टिपणावरून तोच लेख आपल्या शब्दांत लिहून काढी. शेवटी मूळ लेख उघडून ताडून पाही. कुठे चुकलो? कुठे शब्द कमी पडला? चूक सापडली की दुरुस्त करी. कधी टिपणे मुद्दाम मिसळून टाकी आणि पुन्हा नीट क्रम लावी. असे केल्याने विचारांची मांडणी कळते. हे सारे कामाच्या आधी पहाटे, काम संपल्यावर रात्री, नाहीतर रविवारी.

या अभ्यासाचे फळ लवकरच दिसले. जेम्सने 1721 साली एक वर्तमानपत्र काढले होते. आपले लिखाण तो छापणार नाही, हे बेनला ठाऊक होते. धाकट्या भावाचे कोण ऐकतो? म्हणून 1722 साली बेनने अक्षर बदलून एका विधवा बाईच्या नावाने पत्र लिहिले आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवले. सकाळी जेम्सने व त्याच्या मित्रांनी ते वाचले आणि वाखाणले. हा लिहिणारा कोण असेल, यावर त्यांची चर्चा रंगली. बेन शेजारीच खिळे जुळवत उभा होता! अशी चौदा पत्रे छापून आली. लिहिणारा अवघा सोळा वर्षांचा होता.

3. तीन पाव

भावाभावांचे मात्र पटेना. जेम्स तापट होता. तो बेनला मारहाण करी. शेवटी 1723 साली सतराव्या वर्षी बेनने थोडी पुस्तके विकून पैसे उभे केले आणि तो बोस्टनहून पळाला. करार मोडून पळणे ही आपली चूक होती, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

न्यूयॉर्कला काम मिळाले नाही. तेथून होडीने, पायी, पुन्हा होडीने असे करत तो फिलाडेल्फिया गावी पोचला. ऑक्टोबर महिना होता. रविवारची सकाळ. कपडे मळलेले, खिसे सदऱ्यांनी आणि मोज्यांनी फुगलेले, पोटात भूक. जवळ एक डॉलर आणि एक शिलिंगची मोड. नावाड्यांना त्याने शिलिंग देऊ केला. ते नको म्हणाले, कारण वाटेत त्यानेही वल्ही मारली होती. तरी त्याने तो दिलाच.

मग त्याने एका भटारखान्यात जाऊन तीन पेनीचा पाव मागितला. बोस्टनपेक्षा इथे पाव स्वस्त. हातात तीन मोठे पाव आले! दोन काखांत दोन आणि तिसरा खात खात तो रस्त्याने निघाला. एका दारात एक तरुण मुलगी उभी होती. हे ध्यान पाहून तिला हसू आले. तिचे नाव डेबोरा रीड. पुढे हीच त्याची बायको झाली. एका पावाने बेनचे पोट भरले. उरलेले दोन पाव त्याने होडीत बरोबर आलेल्या एका बाईला आणि तिच्या लेकराला देऊन टाकले.

गावात त्याला छापखान्यात काम मिळाले. तेथील गव्हर्नरने त्याला सांगितले की, लंडनला जा, छापखान्याचे सामान आण, पैशाची पत्रे मी देतो. बेन 1724 साली जहाजात बसला. लंडनला पोचल्यावर कळले की, गव्हर्नरने पत्र असे काही दिलेलेच नाही. परक्या देशात, खिशात पैसा नाही. पण हातात कसब होते. त्याने लंडनच्या छापखान्यांत दीड वर्ष नोकरी केली. तिथले कामगार दिवसभर बिअर पीत. हा नुसते पाणी पिई आणि जड खिळ्यांचे साचे दोन्ही हातांत एक एक घेऊन जिना चढे. ते बघून बाकीच्यांना नवल वाटे.

4. स्वतःचा छापखाना

1726 साली फ्रँकलिन फिलाडेल्फियाला परत आले. दोन वर्षांनी त्यांनी एका भागीदाराबरोबर स्वतःचा छापखाना काढला. कर्ज डोक्यावर होते. कधी कधी ते कागद विकत घेऊन एकचाकी हातगाडीवर घालत आणि भर रस्त्याने स्वतः ढकलत नेत. हा माणूस कष्टाचा आहे, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. कामे आपोआप येऊ लागली. डेबोराबाईही दुकान सांभाळत, छापील कागदांच्या घड्या घालून शिवत, कागद करण्यासाठी जुन्या चिंध्या विकत घेत.

1729 साली त्यांनी एक वर्तमानपत्र घेतले आणि ते नावारूपाला आणले. 1732 च्या अखेरीस त्यांनी दरवर्षी निघणारे एक पंचांग सुरू केले. त्यात तिथी, सूर्योदय, हवामान असेच, पण मधल्या रिकाम्या जागेत म्हणी असत. आपल्याकडे ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणतात ना, त्याच जातीच्या. ज्या घरात दुसरे पुस्तक नाही, त्या घरातही पंचांग असते. मग त्यातूनच चार शहाणपणाच्या गोष्टी गरिबांपर्यंत जाव्यात, हा त्यांचा हेतू. पंचवीस वर्षे ते हे काम करत होते.

5. शुक्रवारची बैठक

आता मुख्य गोष्ट सांगायची ती ही. फ्रँकलिन एकटे शिकले, पण शिकून एकटे राहिले नाहीत.

1727 साली त्यांनी आपल्यासारख्याच काही मित्रांना जमवले. कुणी छापखान्यातला, कुणी काचकाम करणारा, कुणी जोडे शिवणारा, कुणी सुतार. दर शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी बसत. कुणी काय वाचले, गावात कुणाचे काय अडले, काय करता येईल, यावर बोलत. भांडायचे नाही, हा नियम.

या बैठकीतून काय काय निघाले पाहा.

पहिले म्हणजे वाचनालय. पुस्तके महाग होती. एकाला दहा पुस्तके घेणे परवडत नाही. पण पन्नास जणांनी मिळून घेतली तर? 1731 साली पन्नास जणांनी सुरुवातीला 40 शिलिंग आणि पुढे दर वर्षी 10 शिलिंग वर्गणी देण्याचे कबूल केले. पुस्तके आली. दुकानदार आणि कारागीर पुस्तके घरी नेऊन वाचू लागले. ज्या मुलाला रात्री चोरून पुस्तक आणावे लागे, त्याने साऱ्या गावासाठी पुस्तकांचे दार उघडले.

दुसरे म्हणजे आग विझवणारी टोळी. घरे लाकडी, आग लागली की गल्लीच्या गल्ली जळे. 1736 साली फ्रँकलिन यांनी आग विझवणारे मंडळ काढले. प्रत्येक सभासदाने कातड्याच्या बादल्या आणि मजबूत पोती घरी तयार ठेवायची. बादल्या पाण्यासाठी, पोती सामान वाचवण्यासाठी. सभेला जो येणार नाही त्याला दंड. दंडाच्या पैशातून शिड्या आणि बंब घेतले.

तिसरे म्हणजे इस्पितळ. एका डॉक्टर मित्राची ही कल्पना होती, पण पैसे जमेनात. सरकार म्हणे, लोक देणार नाहीत. लोक म्हणत, सरकार देत नाही. फ्रँकलिन यांनी तोड काढली. लोकांनी 2000 पौंड जमवले तर सरकारने 2000 पौंड घालावेत, असा ठराव करून घेतला. सरकारला वाटले, एवढे जमणार नाहीत, आपले काय जाते? पण देणाऱ्यालाही वाटले, माझा एक पौंड म्हणजे दोन पौंड होतात. पैसे जमले. 1751 साली इस्पितळ मंजूर झाले. गरीब आजाऱ्यांची सोय झाली.

रस्त्यावरच्या दिव्यांचेच पाहा. लंडनहून आलेल्या दिव्यांच्या काचा गोल असत. धूर आत कोंडे आणि काच संध्याकाळीच काळी होई. फ्रँकलिन यांनी सुचवले की चार सपाट काचा लावा, वर धूर जायला उंच नळी करा आणि खालून हवा यायला फटी ठेवा. दिवा पहाटेपर्यंत लख्ख राहू लागला. काच फुटली तरी एकच बदलायची. गोष्ट छोटी, पण रोजच्या उपयोगाची.

6. राहून गेलेले काम

फ्रँकलिन यांच्या आयुष्यात एक दुःख होते. ते त्यांनी लपवले नाही.

त्या काळी देवीचा रोग फार माणसे मारी. अजून देवीची लस निघाली नव्हती. ती निघाली 1796 साली. पण एक जुना उपाय होता. रोग्याच्या फोडातला थोडा पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा. मग हलका रोग होई आणि पुढे मोठा रोग येत नसे. यातही धोका होताच, पण रोगापेक्षा कितीतरी कमी. 1721 साली बोस्टनमध्ये साथ आली, तेव्हा जेम्सच्या वर्तमानपत्राने या टोचण्यावर कडक टीका केली होती. बेन तेव्हा त्याच छापखान्यात होता. पुढे मात्र फ्रँकलिन यांची खात्री पटली की, टोचणे चांगले.

त्यांना फ्रान्सिस नावाचा मुलगा होता. चार वर्षांचा, गोड पोर. त्याला टोचून घ्यायचे ठरले होते. पण मुलाला हगवण लागली. बरा झाला की टोचू, म्हणून ते काम पुढे ढकलले. तेवढ्यात 1736 साली गावात देवी आल्या आणि फ्रान्सिस गेला.

गावात अफवा उठली की, टोचल्यामुळे पोर दगावले. फ्रँकलिन यांनी आपल्या पत्रात जाहीर छापले की, त्याला टोचलेच नव्हते. विचार करा, पोटचे पोर गेलेले आणि बापाने लोकांना सांगायचे की, मी वेळेवर केले नाही! पण ते गप्प बसले असते तर अफवेला भिऊन आणखी आईबापांनी मुलांना टोचले नसते. पुढे म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही त्यांनी ही गोष्ट मुद्दाम लिहिली. आपल्याला आजही पश्चात्ताप होतो, इतर आईबापांनी यावरून शिकावे, असे त्यांनी म्हटले.

देवीचा रोग आता जगातून गेला. 1980 साली तसे जाहीर झाले. तो गेला लस टोचल्यामुळेच. ‘उद्या टोचू’ म्हणून राहणारी लस मात्र आजही घरोघरी असते. माहीत असणे वेगळे आणि वेळेवर करणे वेगळे.

7. आकाशातली वीज

1748 साली, बेचाळीस वर्षांचे असताना, फ्रँकलिन यांनी छापखाना भागीदाराच्या हाती दिला. आता पोटापुरते होते. उरलेला वेळ त्यांनी विजेच्या अभ्यासाला दिला.

त्या काळी काच घासून विजेची ठिणगी पाडत आणि तिचा खेळ म्हणून मौज बघत. फ्रँकलिन यांना वाटले, ही छोटी ठिणगी आणि ढगातली वीज एकच असली पाहिजे. दोन्हींचा उजेड सारखा, आवाज सारखा, दोन्ही धातूतून धावतात. मग तपासून का पाहू नये?

कसे पाहायचे, ते त्यांनी लिहून कळवले होते. मे 1752 मध्ये फ्रान्समधील लोकांनी उंच लोखंडी सळई उभारून ढगातली वीज उतरवली. ती बातमी यायच्या आधीच, जून 1752 मध्ये, फ्रँकलिन यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी रेशमी रुमालाचा पतंग केला. त्याच्या टोकाला अणकुचीदार तार लावली. दोरा तागाचा. दोऱ्याच्या खालच्या टोकाला रेशमी फीत आणि तेथेच एक किल्ली बांधली. मुलगा विल्यम बरोबर होता. फीत कोरडी राहावी म्हणून ते आडोशाला उभे राहिले. ढग आले. दोऱ्याचे तंतू ताठ उभे राहिले. फ्रँकलिन यांनी बोटाचे पेर किल्लीजवळ नेले आणि चट्दिशी ठिणगी पडली! ढगातली वीज आणि खेळातली वीज एकच, हे सिद्ध झाले.

पतंगावर वीज कोसळली, असे चित्रात दाखवतात. ते खरे नव्हे. तसे झाले असते तर फ्रँकलिन जगले नसते. पुढच्याच वर्षी रशियात रिखमान नावाचा शास्त्रज्ञ असाच एक प्रयोग करताना विजेने मेला. म्हणून वाचकहो, हा प्रयोग कुणी करू नये. विजा होत असताना मोकळ्या रानात किंवा झाडाखाली उभेही राहू नये.

या शोधाचा उपयोग काय? फ्रँकलिन यांनी सांगितले की, घराच्या वर अणकुचीदार लोखंडी सळई उभी करा. तिला जाड तार जोडून ती ओल्या जमिनीत खोल पुरा. वीज पडली तर सळईतून तारेत आणि तारेतून जमिनीत जाईल, घर वाचेल. ही कृती त्यांनी 1753 च्या पंचांगात छापून टाकली. आज उंच इमारतींवर आणि देवळांच्या शिखरांवर दिसणारी सळई ती हीच.

शोधावर हक्क घेतला असता तर त्यांना खूप पैसा मिळाला असता. पण त्यांनी घेतला नाही. त्याआधी त्यांनी कमी लाकडात खोली जास्त तापवणारी लोखंडी शेगडी केली होती. गव्हर्नर स्वतःहून हक्क देत होता. त्यालाही ते नको म्हणाले. दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा आपण घेतो, मग आपला शोधही दुसऱ्याला खुशीने द्यावा, हे त्यांचे म्हणणे.

म्हातारपणी त्यांना जवळचे वाचायला एक चश्मा आणि दूरचे बघायला दुसरा लागे. सारखी अदलाबदल करून ते कंटाळले. त्यांनी दोन्ही भिंगे अर्धी अर्धी कापून एकाच चौकटीत बसवली. दूरचे वर, जवळचे खाली. तुमच्यापैकी कुणाच्या नाकावर अशी चाळिशी असेल, तर आज फ्रँकलिन यांची आठवण काढा.

8. देशाचे काम

1765 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकेवर नवा कर बसवला. वर्तमानपत्र, करारनामा, पंचांग, प्रत्येक कागदावर सरकारी शिक्का हवा. अमेरिकेतले लोक खवळले. पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, मग आमच्यावर कर कसा? फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये होते. लोक किती चिडले आहेत, याचा त्यांना आधी अंदाज आला नाही. फिलाडेल्फियात लोकांना त्यांचाच संशय आला आणि घरावर जमाव येणार अशी भीती पडली. शेजाऱ्यांनी डेबोराबाईंना घर सोडायला सांगितले. त्या हलल्या नाहीत. बंदुका जवळ घेऊन घरातच राहिल्या. 1766 साली फ्रँकलिन यांनी पार्लमेंटपुढे उभे राहून पुष्कळ प्रश्नांची उत्तरे दिली. कर रद्द झाला.

पण भांडण मिटले नाही. 1775 साली लढाई पेटली. 4 जुलै 1776 रोजी अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. तो तयार करणाऱ्या पाच जणांत फ्रँकलिन होते. वय सत्तर. त्याच वर्षी ते समुद्र ओलांडून फ्रान्सला गेले. एकट्याने लढून इंग्लंडपुढे निभाव लागणार नव्हता. 1778 साली त्यांनी फ्रान्सशी तह घडवला. पैसा, सैन्य, जहाजे मिळाली. 1783 साली इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. त्या तहावरही त्यांची सही आहे.

या कामाची किंमत घरातून गेली. डेबोराबाईंना समुद्राची भीती, त्या परदेशी गेल्या नाहीत. त्या 1774 साली वारल्या, तेव्हा नवराबायकोची दहा वर्षे भेट नव्हती. पतंगाच्या वेळी जवळ असलेला विल्यम इंग्लंडच्या राजाच्या बाजूने गेला. बापलेकांचे नाते तुटले ते पुन्हा नीट जुळले नाही.

1787 साली देशाची राज्यघटना झाली. सभेत सर्वांत वयस्कर फ्रँकलिन. वय एक्क्याऐंशी. घटनेतले सगळेच मला पटते असे नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण पुढे म्हटले की, वय वाढले तशी मला माझ्याच मताबद्दल शंका येऊ लागली आहे. आपणही प्रत्येकाने आपले म्हणणे थोडे बाजूला ठेवून सही करावी.

9. उशिरा सुधारलेली चूक

फ्रँकलिन यांची एक मोठी चूक सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. त्या काळी अमेरिकेत आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या माणसांना गुलाम करून विकत. फ्रँकलिन यांच्या घरीही काही गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलाम विकण्याच्या जाहिराती छापत. स्वतः उमेदवारीतून पळालेल्या माणसाने हे चालवून घेतले.

1763 साली त्यांनी काळ्या मुलांची एक शाळा पाहिली. मुले शिकत होती, पटापट उत्तरे देत होती. ही मुले बुद्धीने गोऱ्या मुलांच्या बरोबरीची आहेत, आपला आधीचा समज खोटा होता, असे त्यांनी पत्रात लिहिले. पण नुसते मत बदलून काय होते? त्यानंतरही पुष्कळ वर्षे गेली. 1787 साली ते गुलामगिरी बंद करू पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी 1790 मध्ये, आजारी असताना, त्यांनी त्या मंडळातर्फे देशाच्या काँग्रेसकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज पाठवला. अर्ज मान्य झाला नाही. गुलामगिरी कायद्याने गेली ती 1865 साली. फ्रँकलिन उशिरा जागे झाले. पण जागे झाल्यावर, जगाला आपली जुनी चूक दिसेल म्हणून ते गप्प बसले नाहीत.

10. फिरते पैसे

17 एप्रिल 1790 रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचे असताना, फ्रँकलिन वारले. त्यांनी मृत्युपत्रात बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन गावांना प्रत्येकी 1000 पौंड ठेवले होते. हे पैसे वाटून टाकायचे नव्हते. उमेदवारी पुरी केलेल्या, धंदा काढू पाहणाऱ्या तरुण कारागिरांना ते कर्जाऊ द्यायचे. व्याज शेकडा 5. दर वर्षी मुद्दलाचा दहावा भाग फेडायचा. फेडलेले पैसे पुढच्या कारागिराला. असे 200 वर्षे चालवायचे.

आणि तसे चालले! काही कर्जे बुडाली, कामात कधी ढिलाई झाली, तरी निधी वाढत गेला. बोस्टनच्या निधीचा काही भाग आणि दुसऱ्या एका दानशूराची मदत यांतून 1908 साली कारागिरांसाठी एक शाळा निघाली. 1990 साली 200 वर्षे पुरी झाली, तेव्हा बोस्टनच्या निधीत पन्नास लाखांच्या आसपास डॉलर होते. फिलाडेल्फियाच्या निधीत वीस लाखांच्या वर.

लहानपणी बेनला पुस्तक उसने मिळे. तो ते सकाळी परत करी, म्हणून दुसऱ्या रात्री दुसरे मिळे. त्याच्या पैशांचाही नियम तोच होता. घ्या, कामाला लावा, परत करा, म्हणजे दुसऱ्याला मिळेल. विद्येचेही असेच आहे. तुम्ही हा पाठ वाचलात. आता घरात ज्याला वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवा.

शब्दार्थ

उमेदवार : मालकाजवळ राहून धंदा शिकणारा
खिळे : छापण्यासाठी धातूची केलेली अक्षरे
वर्गणी : एका कामासाठी अनेकांनी मिळून दिलेले पैसे
अणकुचीदार : टोकदार
तह : दोन देशांतला करार
राज्यघटना : देशाचा कारभार कसा चालावा हे सांगणारा मूळ कायदा
मृत्युपत्र : आपल्यामागे आपल्या मालमत्तेचे काय करावे, हे लिहून ठेवलेला कागद
मुद्दल : व्याज सोडून कर्जाची मूळ रक्कम

प्रश्न

1. बेनने पुस्तकांसाठी पैसे आणि वेळ कसा वाचवला?
2. लिहायला शिकण्यासाठी बेन काय करी? या पाठातील कोणताही एक भाग घेऊन तुम्ही तसे करून पाहा.
3. इस्पितळासाठी पैसे कसे जमले?
4. फ्रान्सिसच्या मृत्यूबद्दल फ्रँकलिन यांनी वर्तमानपत्रात का छापले? तुम्ही असता तर काय केले असते?
5. तुमच्या घरातील मुलांना कोणत्या लसी टोचायच्या राहिल्या आहेत? दवाखान्यात विचारून लिहून ठेवा.
6. दहा घरांनी मिळून वर्गणी काढली, तर तुमच्या वस्तीत कोणते एक काम होईल? वर्गात चर्चा करा.